विश्वस्त आणि वेतन : डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील एका जुन्या वादाचा पुनर्विचार

१

सार्वजनिक संस्थेचा कारभार पाहणाऱ्याने त्याच संस्थेच्या निधीतून स्वतःच्या श्रमाचा मोबदला घ्यावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकातील संस्थाजीवनाचा इतिहास पाहू लागल्यास तो केवळ हिशेबाचा नव्हता, हे ध्यानात येते. ह्याच प्रश्नाने पुण्यातील एका अत्यंत जिवलग मित्रमंडळात फूट पडली, आणि त्या फुटीचे परिणाम पुढील पाव शतकाच्या राजकारणावर उमटले. टिळक, आगरकर व गोखले ह्यांच्यातील मतभेदांचे विवेचन करताना चरित्रकारांचा भर बहुधा सामाजिक सुधारणेच्या वादावर किंवा स्वभावभेदावर असतो. वेतनाचा वाद हे केवळ निमित्त होते, असेही पुष्कळदा सुचविले जाते. हे मत पूर्णतः ग्राह्य मानता येत नाही. स्वभावभेद होते आणि मतभेदही होते, हे निर्विवाद आहे. तथापि ज्या मुद्द्यावर टिळकांनी १८९० साली सोसायटीचा राजीनामा दिला, तो मुद्दा स्वतंत्रपणे विचार करण्याजोगा आहे. विश्वस्ताने वेतन घ्यावे काय, आणि घेतल्यास त्याच्या उरलेल्या वेळेवर कोणाचा अधिकार, हा तो मुद्दा होय.

ह्या वादाचे मर्म कळण्यासाठी प्रथम त्याच्याभोवतीच्या शब्दांचा, आणि त्या शब्दांमागील कायद्याच्या कल्पनांचा मागोवा घेणे आवश्यक आहे.

२

मराठीत ह्या व्यवहाराला अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाची प्रतिष्ठा वेगळी आहे. ‘वेतन’ हा शब्द संस्कृत धर्मशास्त्रातील आहे. ठरलेले वेतन न देणे हा मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांपैकी एक विषय. म्हणजे वेतन हा मागून घेण्याचा, प्रसंगी राजद्वारी दाद मागण्याचा हक्क. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पैसे चुकते करणे असा अर्थ असलेल्या त्या भाषेतील क्रियापदाशी त्याचे नाते आहे, आणि त्यात मान-अपमानाचा काही भाग नाही. ‘दक्षिणा’ ही ह्याच्या उलट. ती कर्म झाल्यावर द्यावयाची, आणि तिच्यासाठी घासाघीस करणे निंद्य मानलेले. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात वाटली जाणारी दक्षिणा ही विद्वत्तेचा सत्कार होती, चाकरीचा मुशाहिरा नव्हे. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत तिचेच रूपांतर दक्षिणा फंडात झाले, आणि त्यातून शिष्यवृत्त्या व ग्रंथकारांना पारितोषिके मिळू लागली.

विद्यादानाच्या बाबतीत ही प्रतवारी विशेष तीव्र होती. ठराव करून पैसे घेऊन शिकविणाऱ्याला मनुस्मृतीने ‘भृतकाध्यापक’ म्हटले आणि श्राद्धास बोलावण्यास अयोग्य अशा लोकांत त्याची गणना केली. हा निर्बंध व्यवहारात कितपत पाळला गेला, हा प्रश्न वेगळा. मात्र ज्ञान विकणारा मनुष्य काहीसा खालच्या पायरीवरचा, हा संस्कार समाजाच्या मनात राहिला. एकोणिसाव्या शतकातील सरकारी शाळेचा मास्तर पगारी होता, आणि सरकारी नोकरीमुळे त्याला प्रतिष्ठा लाभली होती. पण ‘लोकांची’ म्हणून काढलेल्या खाजगी शाळेचा अध्यापक काय घेईल आणि कोणत्या नावाने घेईल, ह्याचे उत्तर कोणत्याही परंपरेत तयार नव्हते.

सर्वांत उद्बोधक इतिहास ‘मानधन’ ह्या शब्दाचा आहे. संस्कृत काव्यात ‘मानधन’ हे विशेषण आहे आणि तो बहुव्रीही समास आहे. मान हेच ज्याचे धन, असा पुरुष. अर्थात धनाची पर्वा न करणारा. आधुनिक मराठीत तो शब्द नाम झाला, समास तत्पुरुष झाला, आणि मानार्थ दिलेले धन असा अर्थ रूढ झाला. ज्याला धन नको, त्याचे वर्णन करणारा शब्द धनाचेच नाव होऊन बसला. ह्या अर्थांतरामागे इंग्रजीतून आलेल्या ‘ऑनरेरियम’ ह्या लॅटिन कुळाच्या शब्दाची गरज होती, हे उघड आहे. त्या मूळ शब्दाचा इतिहासही असाच आहे. रोममध्ये इ. स. पू. २०४ च्या सिन्सियन कायद्याने वकिली करणाऱ्यास पक्षकाराकडून देणगी घेण्याची बंदी केली होती. ती बंदी पाळली जात नाही, हे पाहून क्लॉडियस बादशहाने इ. स. ४७ मध्ये वकिलाच्या मोबदल्यावर दहा हजार सेस्टर्सची कमाल मर्यादा घातली. बंदीचे रूपांतर मर्यादेत झाले. जे घेऊ नये असे म्हटले जात होते, ते किती घ्यावे हे ठरविणे भाग पडले. पुण्यातील वादाकडे वळताना हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

३

इंग्लंडच्या समन्याय न्यायालयांनी विश्वस्तासंबंधी जो नियम घडविला, तो कठोर आहे. १७२६ च्या ‘कीच विरुद्ध सँडफर्ड’ ह्या खटल्यात एका अज्ञान मुलासाठी भाडेपट्टा सांभाळणाऱ्या विश्वस्ताचा प्रश्न होता. मालकाने मुलाच्या नावे पट्ट्याचे नूतनीकरण करण्यास नकार दिला, म्हणून विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे करून घेतला. मुलाला तो पट्टा मिळणे शक्यच नव्हते. तरीही तो लाभ विश्वस्ताला ठेवता येणार नाही, असा निर्णय झाला. १७३४ च्या ‘रॉबिन्सन विरुद्ध पेट’ ह्या खटल्यात विश्वस्ताला आपल्या श्रमाबद्दल व वेळेबद्दल मोबदला मागता येत नाही, हे तत्त्व दृढ झाले. त्यामागील भीती अशी होती की, मोबदल्याची मुभा दिल्यास विश्वस्त काम वाढवील आणि मालमत्ता खर्चाच्या ओझ्याखाली दबून जाईल.

ह्या नियमाचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन १८९६ च्या ‘ब्रे विरुद्ध फोर्ड’ ह्या खटल्यात आढळते, आणि योगायोगाने तो खटला एका शिक्षणसंस्थेतूनच उद्भवला होता. लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजचे उपाध्यक्ष हे व्यवसायाने सॉलिसिटर होते आणि कॉलेजचे कायद्याचे काम ते शुल्क घेऊन करीत. एका नियामकाने त्यांच्यावर जाहीरपणे आक्षेप घेतला. त्यातून बेअब्रूची फिर्याद झाली आणि प्रकरण उमरावांच्या सभेपर्यंत गेले. लॉर्ड हर्शेल ह्यांनी त्या वेळी जे सांगितले, त्याचा आशय असा : विश्वासाच्या पदावरील मनुष्याने, स्पष्ट तरतूद नसेल तर, त्या पदापासून लाभ घेऊ नये. हा नियम नीतितत्त्वावर उभारलेला नाही. ज्याने मोबदला घेतला तो दुराचारीच, असे नियमाचे म्हणणे नाही. मनुष्यस्वभाव पाहता कर्तव्य व स्वार्थ ह्यांच्या कात्रीत सापडलेला मनुष्य स्वार्थाकडे झुकण्याचा धोका असतो, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

हिंदुस्थानात हे तत्त्व १८८२ च्या न्यास कायद्याच्या कलम ५० मध्ये आले. न्यासपत्रात तसे लिहिलेले नसल्यास, अथवा पद स्वीकारताना लाभार्थ्याशी किंवा न्यायालयाशी तसा करार झालेला नसल्यास, विश्वस्ताला आपले कष्ट, कौशल्य व कालहानी ह्यांबद्दल मोबदल्याचा हक्क नाही, असे ते कलम सांगते. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक, ही निरपवाद बंदी नाही. अगोदर उघडपणे ठरविलेला मोबदला कायद्याला मान्य आहे. दुसरी, हा कायदा सार्वजनिक वा खाजगी धर्मादाय न्यासांना लागू नाही, असे त्याच्या प्रारंभीच म्हटलेले आहे. तरीही त्यातील तत्त्व न्यायालये धर्मादाय न्यासांच्या बाबतीतही मार्गदर्शक मानीत आली आहेत.

देशी परंपरा ह्या चौकटीत बसत नव्हती. मठाचा महंत किंवा देवस्थानाचा सेवेकरी हा इंग्रजी अर्थाने विश्वस्त नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली ‘विद्यावारुथी विरुद्ध बालुसामी’ ह्या खटल्यात स्पष्ट केले. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही महंताच्या पदात कर्तव्य आणि स्वतःचा मालमत्ताविषयक हितसंबंध हे दोन्ही एकत्र गुंफलेले असतात, असे मानले. देवाच्या उत्पन्नात वंशपरंपरेने वाटा असणे हे वेतनही नव्हते आणि मानधनही नव्हते. ते वतन होते. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे हक्क नाहीसे करण्यासाठी १९७३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्यावरील वादाचा शेवट सर्वोच्च न्यायालयात २०१४ साली झाला. ह्यावरून त्या व्यवस्थेची मुळे किती खोल होती, ह्याची कल्पना येते.

म्हणजे १८८० च्या सुमारास पुण्यातील तरुणांपुढे दोन नमुने होते. एक, वतनदाराचा, ज्यात संस्था चालविणारा संस्थेवर वंशपरंपरेने जगतो. दुसरा, मुंबईच्या शेटियांचा. ज्यात संस्था चालविणारा आपल्या पेढीच्या उत्पन्नावर जगतो आणि धर्मादायाचे काम फावल्या वेळात फुकट करतो. पहिला नमुना त्यांना नको होता, आणि दुसरा त्यांना परवडणारा नव्हता.

४

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी ह्यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर व वामन शिवराम आपटे हे लवकरच त्यांना मिळाले. १८८१ च्या आरंभी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे ह्याच मंडळींनी सुरू केली. चिपळूणकर १८८२ मध्ये निवर्तले. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले.

ह्या सोसायटीच्या घटनेत एक अपूर्व योजना होती. ‘आजीव सभासद’ ह्या नावाने जो वर्ग निर्माण केला गेला, तो एकाच वेळी अध्यापकांचा व चालकांचा वर्ग होता. आजीव सभासदाने वीस वर्षे सोसायटीची सेवा करण्याचे वचन द्यावयाचे. त्याबद्दल त्याला दरमहा सुमारे ७५ रुपये मिळावयाचे. शाळा व कॉलेज ह्यांचा दैनंदिन कारभार ह्याच सभासदांच्या मंडळाने पाहावयाचा. नियामक मंडळात बाहेरचे प्रतिष्ठित गृहस्थ असत. पण संस्थेचा प्राण आजीव सभासदांत होता. लीड्सच्या कॉलेजात नियामक एका बाजूस व प्राध्यापक दुसऱ्या बाजूस होते. पुण्यात जो नियामक तोच प्राध्यापक, आणि म्हणून जो वेतन ठरविणारा तोच वेतन घेणारा, असा प्रकार होता. इंग्लंडमध्ये ह्याला समांतर उदाहरण शोधावयाचे झाल्यास ते ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महाविद्यालयांतच सापडेल. तेथे फेलो हेच महाविद्यालयाचे चालक असतात आणि महाविद्यालयाकडूनच त्यांना वृत्ती मिळते.

इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने धोक्याची अशी ही रचना नैतिकदृष्ट्या टिकाऊ कशी करावयाची? त्याचे उत्तर त्या मंडळींनी तीन गोष्टींत शोधले होते : वेतन सर्वांना सारखे असावे, ते निर्वाहापुरतेच असावे, आणि ते घेणाऱ्याने आपले सर्व सामर्थ्य संस्थेला द्यावे. त्यांच्यापैकी बहुतेकांना सरकारी नोकरीत ह्यापेक्षा कितीतरी अधिक मिळाले असते. आगरकरांनी आपल्या आईला लिहिलेल्या पत्रात पोटापुरत्या पैशावर संतोष मानून बाकीचा वेळ परहितार्थ घालविण्याचा जो निश्चय कळविला होता, तो महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. हा निश्चय म्हणजेच आजीव सभासदत्वाचे बीज होय. ख्रिस्ती धर्मसंघातील जेझुइटांचा आदर्श त्यांच्यापुढे होता, आणि टिळक तर त्या तत्त्वाचा उल्लेख त्याच नावाने करीत.

पहिल्या दोन अटी आकड्यात मांडता येण्यासारख्या होत्या. तिसरी मात्र तशी नव्हती, आणि तिच्यावरच वाद पेटला.

५

संस्था स्थिरावली आणि सभासदांचे संसार वाढले, तसा वेतनवाढीचा प्रश्न पुढे आला. कोणी पाठ्यपुस्तके लिहून, कोणी अन्य उद्योग करून उत्पन्नात भर घालू लागला. टिळकांची भूमिका अशी होती की, आजीव सभासदाने आपला सर्व वेळ व सर्व शक्ती सोसायटीला वाहिलेली आहे. तेव्हा बाहेरचे उत्पन्नाचे काम, किंवा वेळ खाणारे अन्य सार्वजनिक काम, त्याने पत्करू नये. संस्थेला अधिक पैसा मिळाल्यास तो सर्वांच्या समाईक हिताकडे लागावा. आगरकर व त्यांच्या बाजूचे सभासद ह्यांचे म्हणणे वेगळे होते. ठरलेले काम चोख केल्यानंतर उरणारा वेळ हा ज्याचा त्याचा आहे. त्यात तो लेखन करील, सार्वजनिक कार्य करील, अथवा कुटुंबासाठी चार पैसे मिळवील. सोसायटीने त्यावर ताबा सांगणे अन्यायाचे आहे.

१८९० साली गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, आणि हा मतभेद विकोपास गेला. गोखले १८८६ पासून आजीव सभासद होते. सभेचे काम म्हणजे तिच्या त्रैमासिकासह बराच मोठा व्याप होता. टिळकांनी तत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला. मंडळात त्यांच्या बाजूने निकाल लागला नाही. त्यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबर १८९० मध्ये एका विस्तृत निवेदनाद्वारे आपली बाजू मांडली.

ह्या वादात कोणाचीही भूमिका सर्वस्वी निर्दोष नव्हती. टिळकांच्या टीकाकारांनी विचारले की, ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्यांचे काम हे बाहेरचे काम नव्हे काय? टिळकपक्षाचे उत्तर असे देता येते की, ही पत्रे मूळच्या समाईक उद्योगाचाच भाग होती. परंतु आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडल्यानंतर, आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाल्यानंतर, हे उत्तर दुबळे झाले. ज्या वेळी दोन आजीव सभासद परस्परविरोधी पत्रे चालवितात, त्या वेळी त्यांपैकी एकाचे लेखन संस्थेचे व दुसऱ्याचे खाजगी, असे म्हणणे कठीण आहे. उलट पक्षी, आगरकरांच्या बाजूचा युक्तिवाद सामान्य नोकराच्या बाबतीत पूर्णतः योग्य असला, तरी चालकाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. नोकराच्या कामाचे तास ठरविणारा दुसरा कोणी असतो. आजीव सभासदाच्या कामाचे तास आजीव सभासदच ठरविणार होते. आपले काम चोख झाले, हा निर्णय ज्याचा त्यानेच द्यावयाचा असेल, तर ‘उरलेला वेळ’ ह्या शब्दांना निश्चित अर्थ राहत नाही.

येथेच ह्या वादाचे खरे स्वरूप प्रकट होते. टिळकांचा आक्षेप मुख्यतः पैशाविषयी नव्हता, तो वेळेविषयी होता. पैशाची मर्यादा आकड्यात घालता येते, आणि ती पाळली गेली की नाही हे वहीवरून दिसते. निष्ठेची मर्यादा वहीत दिसत नाही. वेतन कमी ठेवून निष्ठा पूर्ण मागावयाची, ही त्या घटनेची प्रतिज्ञा होती. परंतु पूर्ण निष्ठेची व्याख्या प्रवेशाच्या वेळी स्पष्ट शब्दांत लिहिली गेली नव्हती. मित्रांच्या मनांत ती असल्याचे गृहीत धरले होते, आणि प्रत्येकाच्या मनांतील व्याख्या निराळी निघाली.

६

ह्यानंतरच्या घटना ह्या विवेचनाला पुष्टी देणाऱ्या आहेत. टिळकांच्या जाण्याने रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर गोखल्यांच्या निमंत्रणावरून धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात आले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. म्हणजे आजीव सभासद असताना त्यांनी दुसरी एक स्वतंत्र संस्था उभी केली. टिळकांचा नियम अक्षरशः लागू केला असता, तर महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या एका मोठ्या कार्याला त्या वेळी आणि त्या हातून प्रारंभ झाला नसता. आगरकरपक्षाच्या बाजूने देता येणारे हे सर्वांत सबळ उदाहरण होय.

परंतु दुसरे उदाहरण नेमके उलट बाजूचे आहे, आणि ते खुद्द गोखल्यांचे आहे. १९०२ साली सोसायटीच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्या समाजात प्रवेश करणाऱ्या सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. समाज आपल्या व आपल्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी जी तरतूद करील तीत संतोष मानीन, आणि स्वतःसाठी पैसा मिळविण्यात आपल्या शक्तीचा कोणताही भाग खर्च करणार नाही, अशा आशयाची प्रतिज्ञा त्यांत होती. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्या एका पदस्वीकारावरून टिळकांनी राजीनामा दिला, त्याच गोखल्यांनी स्वतःची संस्था काढताना टिळकांच्याच तत्त्वाचा पैशापुरता भाग तिच्या घटनेत लिखित स्वरूपात घातला. ह्यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. १८९० साली जे गृहीत होते, ते १९०५ साली उच्चारले गेले, हा त्यातील फरक आहे. शपथ प्रवेशापूर्वी होती. पुढे कोणाला ‘मला हे ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नव्हते. कर्व्यांनीही १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ स्थापन केला, तेव्हा तेथे शपथेचाच मार्ग अनुसरला. संस्थेच्या सेवकाला निर्वाहापुरते द्यावे आणि त्याने ते व्रत म्हणून स्वीकारावे, ही कल्पना अशा रीतीने पुण्याच्या भूमीत पक्की झाली. आजीव सेवकांच्या बळावर संस्था चालविण्याची प्रथा पुढे महाराष्ट्रातील इतर शिक्षणसंस्थांतूनही पसरली.

आणि टिळक? त्यांच्या वाट्याला पुढे खऱ्या अर्थाने विश्वस्ताचे पद आले. १८९७ च्या ऑगस्टमध्ये, राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटून आलेले असताना, आपले स्नेही बाबा महाराज ह्यांच्या मृत्युशय्येजवळ त्यांनी त्यांच्या इस्टेटीची जबाबदारी पत्करली. दादासाहेब खापर्डे हेही एक विश्वस्त होते. मृताच्या पत्नी ताईमहाराज ह्यांच्या दत्तविधानावरून वाद निर्माण झाला, आणि एका मित्राच्या शब्दाखातर घेतलेले ते काम टिळकांना फौजदारी आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत घेऊन गेले. १९०३ मध्ये शिक्षा, १९०४ मध्ये उच्च न्यायालयातून निर्दोष सुटका, आणि दिवाणी दाव्याचा अंतिम निकाल १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलकडून, असा तो अठरा वर्षांचा प्रवास होता. कलम ५० मधील ‘कष्ट, कौशल्य व कालहानी’ ह्या शब्दांचा ह्याहून जिवंत दाखला दुसरा मिळणे कठीण. ज्या मनुष्याने सहकाऱ्यांकडून संपूर्ण वेळेची मागणी केली, त्याने स्वतः पत्करलेल्या विश्वासासाठी ती किंमत मोजली, एवढे न्याय्यपणे म्हटले पाहिजे. मात्र ती किंमत मोजणे त्यांना शक्य झाले, ह्याचे एक कारण म्हणजे ‘केसरी’ व कायद्याचा वर्ग ह्यांच्या रूपाने त्यांना सोसायटीबाहेर स्वतंत्र निर्वाहसाधन निर्माण करता आले, हेही तितकेच खरे.

७

ह्या शेवटच्या गोष्टीतच मूळ प्रश्नाचा सामाजिक अर्थ दडलेला आहे. विश्वस्ताने काही घेऊ नये, हा नियम स्वार्थाला आळा घालतो. परंतु तो विश्वस्तांची निवडही करून टाकतो. ज्याला फुकट वेळ देणे परवडते, तोच विश्वस्त होऊ शकतो. इंग्लंडमध्ये तो जमीनदार किंवा निवृत्त व्यावसायिक असे. मुंबईत तो पेढीवाला असे. पुण्यातील नवशिक्षित तरुणांपाशी ना जमीन होती, ना पेढी. निर्वेतनाचा नियम त्यांना लागू केला असता, तर शाळा त्यांनी शिकविली असती, पण चालविली असती दुसऱ्या कोणी. पंचाहत्तर रुपयांच्या वेतनाने निर्धन विद्वानाला चालकाच्या आसनावर बसविले, हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व आहे. टिळकांनीही कधी वेतनच नको, असे म्हटले नाही, हे विसरता कामा नये.

स्वातंत्र्योत्तर कायद्याने हा प्रश्न पुन्हा नव्या रूपात उभा केला. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने (त्याच्या नावात आता मुंबईऐवजी महाराष्ट्र हा शब्द आला आहे) १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याखालील धर्मादाय संस्थांनाही सार्वजनिक न्यासांच्या व्याख्येत घेतले आणि त्यांच्यावर धर्मादाय आयुक्ताची देखरेख आणली. त्यामुळे जे लोक स्वतःला सभासद, कार्यवाह किंवा सेवक म्हणवीत आले होते, ते कायद्याच्या भाषेत विश्वस्त ठरले. १९६१ च्या आयकर कायद्याने विश्वस्ताला केलेल्या कामाबद्दल वाजवी मोबदला देण्यास प्रतिबंध केला नाही; वाजवीपेक्षा अधिक दिल्यास मात्र संस्थेची करमाफी धोक्यात येते, असे ठरविले. म्हणजे क्लॉडियसने केले तेच येथे झाले : बंदीच्या जागी मर्यादा आली. इंग्लंडमध्येही २०१२ साली लॉर्ड हॉजसन ह्यांच्या अहवालाने मोठ्या धर्मादाय संस्थांना विश्वस्तांस वेतन देण्याची मोकळीक असावी, अशी शिफारस केली. परंतु ती स्वीकारली गेली नाही. निर्वेतनाचा नियम तेथे आजही सामान्य नियम म्हणून टिकून आहे, आणि न्यासपत्र, कायदा, न्यायालय अथवा आयोग ह्यांच्या परवानगीनेच त्याला अपवाद होतो.

ह्या सर्व इतिहासातून तीन प्रश्न वेगळे काढता येतात, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळेच वाद माजतो. चालकाला निर्वाहाचे साधन हवे काय? ते किती, हे कोणी ठरवावे? आणि ते दिल्यावर त्याच्या उरलेल्या वेळेवर संस्थेचा अधिकार किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या मंडळींनी होकारार्थी दिले, आणि ते योग्य होते. अन्यथा लोकसंस्था धनिकांच्या हाती राहिल्या असत्या. दुसऱ्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर, समान व निर्वाहापुरते वेतन, सद्भाव असेपर्यंत पुरेसे होते. परंतु घेणाऱ्यानेच ठरविण्याची पद्धत वाढीचा प्रश्न येताच डळमळली. इंग्रजी नियमाचे शहाणपण येथे मान्य केले पाहिजे. तो नियम माणसाच्या सज्जनपणाविषयी शंका घेत नाही. स्वतःच्या लाभाचा निर्णय सज्जनावरही सोपवू नये, एवढेच सांगतो. तिसऱ्या प्रश्नाला १८८४ च्या घटनेने उत्तरच दिले नव्हते. ते १९०५ मध्ये प्रतिज्ञेच्या रूपाने दिले गेले. आणि कलम ५० ची अटही तत्त्वतः तीच आहे. जे ठरवावयाचे, ते पद स्वीकारण्यापूर्वी आणि उघडपणे ठरवावे.

टिळक आणि आगरकर ह्यांच्यात अप्रामाणिक कोणीच नव्हता. दोघांनीही मोठ्या पगारावर पाणी सोडले होते, आणि १८९५ मध्ये आगरकर निवर्तले तेव्हा ते त्याच कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या वादाची शोकांतिका अशी की, त्याग दोन्हीकडे असूनही त्यागाची सीमा कोठे, ह्याचा लेख कोणापाशी नव्हता. संस्कृतातील ‘मानधन’ पुरुष दोन्ही बाजूंना होते. मराठीतील ‘मानधन’ किती व कशासाठी, हे लिहून ठेवण्याचे मात्र राहून गेले होते.